कंठ फुटेपर्यंत थांबा: पोपटाचं लिंग आणि वय ओळखायचं कसं

पोपटाच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी पट्टी उमटली की आपल्याकडे म्हणतात, कंठ फुटला. कंठ फुटला तो नर, नाही फुटला ती मादी, हा हिशोब गोव्यातल्या कितीतरी घरांत वर्षानुवर्षं चालत आलाय. त्यातलं पहिलं अर्धं बरोबर आहे, गोची दुसऱ्या अर्ध्यात आहे. कंठ नसलेला पोपट म्हणजे एकतर कुठल्याही वयाची मादी, नाहीतर कंठ अजून फुटायचा असलेला नर. नराच्या गळ्यावर पट्टीची चाहूल साधारण दीड वर्षानंतर लागते आणि ती पूर्ण भरायला तिसरं वर्ष उजाडतं. तोवर दोघं सारखेच दिसतात.

पोपट ओळखण्यातली बहुतेक गफलत इथूनच सुरू होते. लोक लिंग आणि वय हे दोन वेगळे प्रश्न समजतात. प्रत्यक्षात नर-मादीची जवळजवळ प्रत्येक खूण ठरावीक वयानंतरच वाचता येते, आणि वयाच्या बहुतेक खुणा पक्षी मोठा झाला की पुसल्या जातात. म्हणून पक्षी हातात घेतल्यावर क्रम असा ठेवावा: आधी जात, मग रंगाचा प्रकार, मग वय आणि शेवटी लिंग. उलट्या क्रमाने गेलात तर अंदाज चुकणारच.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकलेली बरी. राघू नर आणि मैना त्याची मादी, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. मैना पोपटाची कोणी लागत नाही. ती साळुंकीच्या कुळातली. राघूची मादी पोपटच असते, फक्त तिला कंठ नसतो.

पिंजऱ्यात नेमकं कोण आहे?

कोकणीत ज्याला आपण कीर म्हणतो, तो लाल चोचीचा, कंठवाला हिरवा पोपट घरात पाळायला कायद्याने बंदी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातल्या सगळ्या देशी पोपटांना संरक्षण दिलंय. २०२२च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३पासून, कीर दुसऱ्या अनुसूचीत आहे. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, जांभळ्या डोक्याचा पोपट, गोव्यातल्या मोले-सत्तरी-काणकोणच्या जंगलपट्ट्यात दिसणारा निळ्या पंखांचा मलबारी पोपट, उलटा लटकून झोपणारा चिमणीएवढा पोपट, हे सगळे याच कायद्याखाली येतात. माडाच्या ढोलीतून खाली पडलेलं पिल्लू मिळालं तर ते वन खात्याकडे द्यायचं, 'मोठं झाल्यावर सोडू' म्हणून पिंजऱ्यात ठेवायचं नाही. निळे आणि पिवळे रिंगनेक हेसुद्धा याच कीराचे रंगभेद आहेत, जात तीच. विकत घ्यायचा विचार असेल तर आधी वन खात्याला लेखी विचारावं.

कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, किंवा रानात दुर्बिणीतून बघायला मात्र हे पक्षी नर-मादी ओळखण्याचा उत्तम धडा देतात. कीराचा कंठ आलाच. जांभळ्या डोक्याच्या पोपटात नराचं डोकं पिकलेल्या जांभळाच्या रंगाचं असतं, मादीचं राखाडी आणि गळ्यात फिकट पिवळी पट्टी, तर पिल्लाचं डोकं चक्क हिरवं. मलबारी पोपटात खूण चोचीत आहे: नराची वरची चोच लाल, मादीची काळपट. लटकणाऱ्या छोट्या पोपटात नराच्या गळ्यावर निळा ठिपका असतो. एकाच देशातले पोपट आणि प्रत्येकाची खूण वेगळ्या जागी. म्हणून जात कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

घरात पाळायला मिळतात ते परदेशी मूळ असलेले पोपट. त्यांच्या नावांचाही गोंधळ आहे. बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून जे रंगीबेरंगी छोटे पक्षी जोडीने विकले जातात, ते बहुतेक वेळा बजी असतात, म्हणजे ऑस्ट्रेलियातले बजरिगर. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा. बजी सडपातळ, लांब शेपटीचा आणि पाठीवर लाटांसारख्या रेषा असलेला. हा फरक आधी पक्का करा, कारण बजीचं लिंग दिवसाउजेडी डोळ्यांनी कळतं आणि लव्हबर्डचं बहुधा कळत नाही.

बजी: सगळं नाकावर लिहिलेलं

बजीच्या चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती एक मांसल पट्टी असते. पक्षी पाळणारे तिला सिअर म्हणतात. बघायचं ते तिच्याकडेच. सकाळच्या उजेडात, बाल्कांवात म्हणजे ओसरीवर किंवा खिडकीशी, उन्हाकडे आपली पाठ करून बघा. पिवळ्या बल्बखाली फिकट निळा रंग पांढरट दिसतो आणि मोबाइलच्या फ्लॅशमध्ये सगळेच रंग फसवतात.

पूर्ण वाढलेल्या नराची सिअर गडद निळी, गुळगुळीत आणि एकसारखी असते. मादीची फिकट निळसर पांढरी, बदामी किंवा तपकिरी. अंडी घालायच्या तयारीत असली की ती चॉकलेटी आणि खरबरीत होते, वाळलेल्या सालीसारखे तिचे पापुद्रे सुटतात. अंडी-पिल्लांचा काळ सरला की पुन्हा फिकट. नेमकी हीच फिकट निळी अवस्था लोकांना फसवते आणि मादी 'नर' म्हणून घरी येते. अशा वेळी नाकपुड्यांच्या कडा जवळून बघा. भोकाभोवती पांढरट कडं असेल तर मादी. नरात कडेपर्यंत एकच रंग असतो.

पिल्लांत गणित वेगळं. दोन-अडीच महिन्यांच्या नराची सिअर गुलाबी-जांभळी असते, सगळीकडे सारखी. त्याच वयाच्या मादीची फिकट निळी आणि नाकपुड्यांभोवती पांढरी. म्हणजे पिल्लांत 'निळी' दिसली की बहुधा मादी आणि मोठ्यांत 'निळी' दिसली की नर. एवढी एक उलटापालट लक्षात न ठेवल्यामुळे दोन माद्या जोडी म्हणून विकल्या जातात आणि मग वर्षभर घरट्याचा मटका टांगूनही पिल्लू दिसत नाही.

रंगाचेही अपवाद आहेत. पिवळा लाल डोळ्यांचा लुटिनो, पांढरा अल्बिनो आणि धब्बेदार रंगाचा रिसेसिव्ह पाईड या तीन प्रकारांत नराची सिअर मोठेपणीही गुलाबी-जांभळीच राहते, निळी होतच नाही. त्यामुळे पिवळाजर्द बजी गुलाबी नाकाचा दिसला तर 'अजून पिल्लू आहे' असं समजू नका, तो चार वर्षांचा नर असू शकतो. या रंगांच्या माद्या मात्र इतर माद्यांसारख्याच फिकट किंवा तपकिरी होतात.

आणि हे फार महत्त्वाचं: वर्षानुवर्षं निळी असलेली नराची सिअर हळूहळू तपकिरी व्हायला लागली तर 'आपण नर समजत होतो ती मादी निघाली' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. बजीच्या नरांत वृषणाच्या गाठी होतात. काही गाठी मादीचं संप्रेरक तयार करतात आणि त्याने नाकाचा रंग पालटतो. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जावं.

बजीचं वय पहिल्या वर्षात छान वाचता येतं. घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या चोचीवर काळा डाग असतो, तो लवकरच जातो. कपाळावरच्या काळ्या आडव्या रेषा थेट सिअरपर्यंत आलेल्या असतात. डोळा अख्खा काळा, मणी ठेवावा तसा. तीन-चार महिन्यांचा झाला की पहिली पिसं गळतात आणि नव्या पिसांबरोबर कपाळ स्वच्छ पिवळं किंवा पांढरं होतं. मग बाहुलीभोवती बुबुळाचं पांढरट कडं उजळायला लागतं आणि आठेक महिन्यांपर्यंत ते स्पष्ट दिसतं. म्हणजे कपाळावर रेषा असतील तर चार महिन्यांच्या आत, कपाळ स्वच्छ पण डोळा काळा तर चार ते आठ महिने, आणि डोळ्यात पांढरं कडं म्हणजे त्याच्या पुढे कितीही. या शेवटच्या 'कितीही'मध्ये एक वर्षाचा बजी येतो आणि सात वर्षांचाही. रिसेसिव्ह पाईडला डोळ्याचं कडं कधीच येत नाही आणि लुटिनो-अल्बिनोला कपाळाच्या रेषा नसतात, तेव्हा त्यांचं वय यावरून काढायला जाऊ नये.

कॉकटेल: गळालेली शेपटी फेकू नका

डोक्यावर तुरा असलेला कॉकॅटिएल, बोलीभाषेत कॉकटेल. मूळ राखाडी रंगाच्या कॉकटेलमध्ये मोठ्या नराचा चेहरा लख्ख पिवळा आणि गालावर भडक नारिंगी ठिपका. मादीचा चेहरा राखाडी, ठिपका मळकट. पण पहिली पिसं गळेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते नऊ महिन्यांपर्यंत, सगळी पिल्लं मादीसारखीच दिसतात.

इथे एक साधी युक्ती आहे. पिंजऱ्याच्या तळाशी पडणारी शेपटीची आणि पंखांची मोठी पिसं कागदी पाकिटात तारीख टाकून जपून ठेवा. पहिल्या गळतीतल्या पिसांच्या खालच्या बाजूला पिवळ्या आडव्या रेषा किंवा गोल ठिपके असतील तर त्याने काही सिद्ध होत नाही, ती बाळपिसं. नंतर उगवलेलं पीस पाहायचं. त्यावर पुन्हा रेषा-ठिपके आले तर मादी, एकरंगी गडद आलं तर नर. पक्ष्याला हातही लावावा लागत नाही.

पर्ल रंगाच्या नराच्या अंगावरची मोत्यांची नक्षी पहिल्या गळतीनंतर पुसट होत जाते, मादीची टिकते. लुटिनोत मादीच्या शेपटीखाली फिकट पिवळ्यावर गडद पिवळ्या रेषा असतात, पण त्या दिसायला शेपटी उजेडासमोर धरून बघावी लागते. पाईडमध्ये पिसांवरून काही सांगता येत नाही. पांढऱ्या चेहऱ्याच्या प्रकारात नराचा चेहरा पांढरा होतो, मादीचा राखाडी राहतो.

वागण्यावरूनही कॉकटेल बऱ्यापैकी ओळखू येतो. नर लांबलचक शीळ घालतो, पंख बदामाच्या आकारात अंगापासून सुटे धरून मिरवतो, चोचीने टकटक करतो. मादी बहुधा एकसुरी ओरडते. हे चार-पाच महिन्यांपासूनच दिसतं, पण याला पुरावा नाही, साथ देणारी खूण म्हणावं.

ज्यांच्यात खूणच नाही

इक्लेक्टस हा एकच मोठा पोपट असा की आंधळाही चुकू नये: नर हिरवा आणि चोच नारिंगी, मादी लालभडक आणि चोच काळी. पूर्वी अभ्यासकांनी या दोघांना दोन वेगळ्या जाती समजून नावं दिली होती. पांढऱ्या काकाकुवांत मोठ्या नराचं बुबुळ काळपट असतं, मादीचं तांबूस तपकिरी, पण तेही दरवेळी नाही.

बाकी आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कोन्यूर, ॲमेझॉन, मंक पॅराकीट आणि नेहमी मिळणारे तिन्ही लव्हबर्ड, म्हणजे पीचफेस, फिशर आणि मास्क्ड, यांच्यात नर-मादी बाहेरून सारखे. 'डोकं मोठं ते नर', 'शेपटीखालच्या पिसांची कड राखाडी ती मादी', 'बोलतो तो नर' असं विकणारे छातीठोकपणे सांगतात. त्यावर पैसे मोजू नयेत.

हाडं चाचपायची पद्धतही जुनी आहे. शेपटीखाली, विष्ठा जाते त्या जागेच्या वर दोन टोकदार हाडं बोटाला लागतात. अंडी घालणाऱ्या मादीत त्यांच्यात बोटाचं टोक मावेल एवढं अंतर असतं आणि ती लवचीक होतात. नरात ती जवळ आणि ताठ. अडचण अशी की अंडी न घालणाऱ्या किंवा वर्षाच्या आतल्या मादीत ती नरासारखीच लागतात. म्हणजे अंतर रुंद असेल तर मादी म्हणायला जागा आहे, अरुंद असेल तर काहीच कळलेलं नाही. शिवाय छाती दाबून पक्षी धरला तर तो गुदमरतो, कारण पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड वर-खाली झालं तरच हवा आत जाते.

पीचफेस लव्हबर्डची मादी एक मजेशीर काम करते. साधा कोरा कागद दिला की चोचीने त्याच्या सारख्या लांब पट्ट्या कातरते आणि कमरेच्या पिसांत खोचून घरट्याकडे नेते. नरही कधी कधी कागद फाडतो, पण त्याला खोचणं जमत नाही, पट्ट्या गळून पडतात. फिशर आणि मास्क्ड चोचीतूनच काड्या नेतात, तिथे ही परीक्षा लागू नाही.

एकमेकांना भरवणं, अंगावर चढणं, घरट्यात एकत्र बसणं, हे दोन माद्याही करतात आणि दोन नरही. त्यापेक्षा अंड्यांच्या तारखा लिहा. बजी, लव्हबर्ड, कॉकटेल यांची मादी साधारण एक दिवसाआड एक अंडं घालते आणि चार ते सहावर थांबते. एकाच दिवशी दोन अंडी मिळाली किंवा आठ-दहा जमूनही एक फुटलं नाही, तर घरट्यात दोन माद्या असल्याचा दाट संशय घ्यावा. आणि एकट्या पक्ष्याने अंडं घातलं तर प्रश्नच मिटला. अंडं घालायला नर लागत नाही, ते फुटायला लागतो.

रंगावरून मुलगी ओळखणं

ब्रीडर लोकांना ठाऊक असलेली आणि घरी पाळणाऱ्यांना क्वचित सांगितली जाणारी एक पद्धत बिनखर्चाची आहे. माणसात पुरुषाची दोन गुणसूत्रं वेगवेगळी असतात, पक्ष्यांत उलट. नराची दोन्ही झेड, मादीचं एक झेड आणि एक डब्ल्यू. पिल्लू नर की मादी, हे आईकडून काय आलं त्यावर ठरतं.

बजी, कॉकटेल आणि पीचफेस लव्हबर्डमध्ये लुटिनो रंगाचा जीन झेडवर बसलेला असतो आणि तो दबणारा आहे. मुलाला दोन झेड मिळतात, एक आईचा, एक बापाचा. आईचा झेड साधा असेल तर मुलगा लुटिनो दिसूच शकत नाही. मुलीला झेड एकच, तोही बापाचा. तो लुटिनोचा आला की तिला झाकायला दुसरा काही नाही. म्हणून नियम असा: आई लुटिनो नसेल आणि पिल्लू लुटिनो निघालं, तर ती मुलगीच. घरट्यात डोळे उघडायच्या आधी, त्वचेखालच्या लालसर डोळ्यांवरून हे कळतं. अट एवढीच की ती आई खरंच त्या पिल्लाची आई असावी. एका मोठ्या पिंजऱ्यात पाच जोड्या असतील तर अंडी कोणाची कोणात मिसळतात आणि नियम कोलमडतो. फिशर लव्हबर्डमध्ये लुटिनो जीन झेडवर नसतो, तिथे हा हिशोब लावू नका.

डीएनए तपासणी: लॅब काय बघते आणि तुमच्या हातून काय चुकतं

ज्यांच्यात खूण नाही त्यांच्यासाठी हाच खात्रीचा मार्ग. पक्ष्यांत सीएचडी-१ नावाचा एक जीन झेडवरही असतो आणि डब्ल्यूवरही, पण त्याच्या मधल्या एका तुकड्याची लांबी दोन्हीकडे वेगळी असते. लॅब तो तुकडा पीसीआरने लाखो पटींनी वाढवते आणि जेल नावाच्या जेलीसारख्या थरातून विजेने पळवते. लहान तुकडा पुढे जातो, मोठा मागे राहतो. नरात दोन्ही झेड, म्हणून एकच रेघ उमटते. मादीत दोन रेघा. या परीक्षेला वय लागत नाही, पंधरा दिवसांच्या पिल्लाचंही लिंग कळतं.

लॅबला हवं असतं पिसाच्या मुळाशी चिकटलेलं ताजं पेशीजाल. खाली पडलेल्या पिसाचं मूळ वाळून गेलेलं असतं आणि ते नेमकं कोणत्या पक्ष्याचं याचीही खात्री नसते. म्हणून पिसं उपटावी लागतात.

दोन माणसं हवीत. एकाने पातळ सुती नॅपकिनमध्ये पक्षी गुंडाळून धरावा, डोकं अंगठा आणि बोटामध्ये सैल, छाती मोकळी. दुसऱ्याने छातीवरची चार-पाच लहान पिसं एकेक करून, मुळाशी चिमटीत धरून, उगवण्याच्या दिशेने एका झटक्यात काढावीत. पंखाचं किंवा शेपटीचं मोठं पीस कधीही उपटू नये. नुकतं उगवणारं असेल तर त्याच्या नळीत रक्त असतं आणि ते वाहतं. काढलेल्या पिसाचं टोकाचं पांढरं मूळ शाबूत आहे ना ते बघा आणि त्या टोकाला बोट लावू नका, आपल्या हातावर दुसऱ्या पक्ष्याची धूळ असते.

पिसं कोऱ्या कागदी पाकिटात ठेवायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात तर हे हमखास चुकतं. झिपच्या पिशवीत बंद केलेलं पीस दोन दिवसांत ओलं होतं, बुरशी धरते आणि लॅबकडून 'नमुना अयोग्य' असं उत्तर येतं. जून ते सप्टेंबरात पिसं पाकिटात घालण्यापूर्वी कोऱ्या कागदावर तासभर पंख्याखाली सुकवा, पण एका वेळी एकाच पक्ष्याची, नाहीतर वाऱ्याने मिसळतील. पाकिटावर जात, पायातल्या रिंगचा नंबर आणि तारीख पक्षी हातात असतानाच लिहा. दुसऱ्या पक्ष्याला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवा.

चुका लॅबच्या यंत्रापेक्षा या पाकिटांवर जास्त होतात. नराच्या नमुन्यात मादीचा कण मिसळला की दोन रेघा येतात आणि नर 'मादी' ठरतो. नमुना खराब असेल तर मादीची एक रेघ उमटतच नाही आणि ती 'नर' ठरते. 'सर्टिफिकेटवर नर आहे आणि अंडं घातलं' ही तक्रार अशीच जन्माला येते. अशा वेळी डॉक्टरांकडून रक्ताच्या एका थेंबाचा नमुना घेऊन पुन्हा तपासावं, तो पिसापेक्षा भरवशाचा. विकत घेताना दाखवलेल्या सर्टिफिकेटवरचा रिंग नंबर पक्ष्याच्या पायाशी जुळवल्याशिवाय ते सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद.

मादी आहे हे वेळेत कळण्याला जीवनमरणाचं महत्त्व आहे. नुसत्या राळ्यावर वाढलेल्या मादीला कॅल्शियम कमी पडतं आणि अंडं आत अडकतं. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासागणिक शेपटी हलणं, जोर करूनही काही बाहेर न येणं, ही लक्षणं दिसली की पेटीत ऊब द्या आणि लगेच डॉक्टर गाठा, सकाळपर्यंत थांबू नका. मादी आहे हे कळल्या दिवसापासून पिंजऱ्यात समुद्रफेन, म्हणजे कटलफिशचं कॅल्शियमने भरलेलं पांढरं हाड, लावून ठेवावं. आपल्या किनाऱ्यांवर ते लाटांबरोबर येऊन पडतं. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस, पाणी बदलत भिजवून खारटपणा काढायचा आणि कडक उन्हात वाळवायचं.

वय: कागद, कडं आणि डोळा

वयाचा सगळ्यात पक्का पुरावा पायातली बंद रिंग. बजीसारख्या छोट्या पिल्लाच्या पायात ती पाच ते दहा दिवसांचं असताना घालतात, तेव्हाच पंजा त्यातून जातो. नेमक्या मापाची रिंग मोठ्या पायात चढत नाही, म्हणून तिच्यावरचं साल सहसा खोटं नसतं. फट असलेली उघडी रिंग मात्र कधीही घालता येते, ती वयाबद्दल काही सांगत नाही. बोटाने रिंग फिरवून जोड शोधा. रिंग रुतून पाय सुजला तर डॉक्टरांकडूनच कापून घ्या, पण कापलेली रिंग जपून ठेवा.

रिंग नसेल तर डोळा. आफ्रिकन ग्रेच्या पिल्लाचं बुबुळ काळपट राखाडी असतं, पाच-सहा महिन्यांनी करडं, वर्षाच्या आसपास फिकट आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पिवळं. मकावचंही असंच, गडदपासून पांढरटाकडे आणि मग पिवळ्याकडे. सन कोन्यूरमध्ये अंगच बोलतं: पिल्लू बरंचसं हिरवं असतं आणि पूर्ण पिवळं-नारिंगी व्हायला दीड-दोन वर्षं जातात. त्यामुळे हिरवट सन कोन्यूर बहुधा आजारी किंवा भेसळीचा नसतो, तो लहान असतो.

पाय आणि चोच बघून वय सांगणारे बरेच भेटतात. तरुण पक्ष्याचे पाय मऊ आणि खवले बारीक, जुन्याचे जाड आणि खरबरीत, हे ढोबळमानाने खरंय. पण बजीच्या तोंडावर आणि पायावर खरजेचे किडे झाले की वर्षाच्या पक्ष्याची चोचही मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची दिसते. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं तरी पायाची साल सुटते. असा 'म्हातारा' औषध आणि भाजीपाल्याने तीन महिन्यांत तरुण दिसायला लागतो. मोतीबिंदू, सुजलेले सांधे, दांडीवर पकड न बसणं, एवढ्यावरून डॉक्टर 'वयस्क आहे' म्हणतील. 'नऊ वर्षांचा आहे' असं पक्षी बघून कोणीच सांगू शकत नाही.

ग्रे, मकाव, सन कोन्यूर यांच्यासारख्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या (साइटिस) यादीतल्या पोपटांची २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजी, कॉकटेल आणि पीचफेस लव्हबर्ड त्या यादीत नाहीत, फिशर आणि मास्क्ड आहेत. नोंदणीच्या निमित्ताने घरातही एक वही घालावी. रिंगचा फोटो, दिवसाउजेडी काढलेले डोळ्याचे आणि सिअरचे फोटो, दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर घेतलेलं वजन. आणि दुसऱ्याकडून आलेल्या मोठ्या पक्ष्याच्या वयाच्या रकान्यात अंदाजाचा आकडा लिहू नका. कंठ पूर्ण असेल, बुबुळ पिवळं असेल, तर त्या खुणेचं किमान वय आणि घरी आल्याची तारीख लिहा: 'आफ्रिकन ग्रे, १२ मार्चला आला, तेव्हा किमान तीन वर्षांचा, लिंग डीएनए अहवाल येईपर्यंत रिकामं.'